बाटली गाडीतच होती

गेल्या नोव्हेंबरात माझ्या जुन्या जीपचा मागचा ब्रेक-पाइप फुटला. जबलपूरहून मंडल्याच्या दिशेने निघाले की बरेल्याच्या पुढे एक आडरस्ता गावाकडे उतरतो, तिथे. शेजारच्या सीटवर माझी नऊ वर्षांची नात होती. उताराच्या तळाशी आठवडी बाजार भरला होता. वेग कमी करावा म्हणून मी ब्रेक दाबला. पेडल क्षणभर अडले आणि मग विहिरीच्या पायरीवरून पाय सटकावा तसे थेट तळाला गेले. पुन्हा दाबले, पुन्हा तेच. पायाखाली काहीच नव्हते.

ही जीप १९७४ सालची, उंच बॉनेटची. तिच्या ब्रेकची रचना फार साधी आहे. पेडल एका सिलिंडरमधले तेल दाबते, तो दाब बारीक पोलादी नळ्यांतून चारही चाकांपर्यंत जातो आणि प्रत्येक चाकातले लायनर ड्रमवर घासतात. पुढच्या काळातल्या गाड्यांत तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तर दुसरा निदान अर्धी गाडी थांबवतो. हिच्यात मार्ग एकच. एका चाकाकडची नळी फुटली की चारही चाके मोकळी. उरतो तो हँडब्रेक, आणि तोही चाकांवर नसून गिअरपेटीच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर. तो मी दोन्ही हातांनी ओढला, खडखडाट करत गिअर दुसऱ्यावर घातला आणि रस्त्याच्या कडेला कुणीतरी टाकलेल्या मुरमाच्या ढिगात जीप घुसवली. ती थांबली. ढिगापासून पहिल्या दुकानापर्यंतचे अंतर मी नंतर पावलांनी मोजले. बावीस पावले. तिथे कांदे विकत बसलेल्या बाईने एकदा आमच्याकडे पाहिले आणि ती पुन्हा तराजूकडे वळली. तिच्या दृष्टीने काहीच घडले नव्हते. ते खरेही होते.

बाजाराच्या टोकाला ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाचे दुकान होते. तो गाडीखाली गेला आणि लगेच म्हणाला, मागच्या डाव्या चाकाकडे जाणारी नळी सडून फुटली आहे. त्याने ती जोडापाशी कापली, उरलेले टोक दोनदा दुमडले आणि हातोडीने ठोकून बंद केले. आता तीन चाकांना ब्रेक लागणार होता. "पण ब्रेकचं तेल सगळं गेलंय," तो हिंदीत म्हणाला, "ते इथे मिळायचं नाही." मी सीटखालच्या पेटीतून बाटली काढून त्याच्या हातात दिली.

नात हे सगळे बघत होती. तिचा चेहरा उजळला. संध्याकाळी घरी पोचल्यावर तिने आजीला, शेजाऱ्यांना आणि रात्री पुण्याला फोन करून आपल्या आईला सांगितले, "आजोबांनी तेलाची बाटली आधीच गाडीत ठेवली होती!" सगळ्यांनी माझ्या दूरदृष्टीचे कौतुक केले. मी काही बोललो नाही.

हा लेख त्या बाटलीविषयी आहे.

जुलैपासून ब्रेकच्या तेलाची पातळी उतरत होती. महिन्यातून एकदा मी टाकीचे झाकण उघडायचो, दोन बोटे तेल घालायचो आणि झाकण लावायचो. लायनर झिजत जातात तशी पातळी थोडी खाली येतेच. ही माहिती खरी आहे, आणि खरी होती म्हणूनच ती माझ्या इतकी उपयोगी पडली. मागच्या डाव्या टायरच्या आतल्या बाजूला एक ओला डाग दिसायचा. जुन्या जीपच्या मागच्या अॅक्सलमधून गिअर-ऑइल पाझरणे नवे नाही, तेव्हा डाग त्याचा असणार असे मी ठरवून टाकले. बोट लावून पाहिले नाही. गिअर-ऑइल काळपट, चिकट असते आणि त्याला उग्र वास येतो; ब्रेकचे तेल पातळ असते आणि लागेल तिथला रंग सोलून काढते. एका बोटाने निर्णय झाला असता. ऑगस्टमध्ये मी अर्ध्या लिटरची नवी बाटली आणली आणि ती घरातल्या फडताळात न ठेवता गाडीत ठेवली.

विचारले असते तर मी शपथेवर सांगितले असते की ब्रेक ठीक आहेत. पण ज्याचे ब्रेक ठीक असतात तो माणूस ब्रेकच्या तेलाची बाटली सीटखाली घेऊन हिंडत नाही. माझ्या तोंडाला जे ठाऊक नव्हते ते हाताला ठाऊक होते.

मी इथल्या एका महाविद्यालयात सत्तावीस वर्षे तत्त्वज्ञान शिकवले. नीतिशास्त्राच्या तासाला दरवर्षी दोन उदाहरणे हमखास असत. पहिले विल्यम क्लिफर्डचे, १८७७ सालच्या निबंधातले. एक जहाजमालक आपले जुने जहाज प्रवाशांनी भरून समुद्रात पाठवणार असतो. जहाज जुनाट आहे, दुरुस्ती हवी, ही शंका त्याच्या मनात येते. पण इतक्या सफरी ते सुखरूप करून आले आहे, देव या गरीब प्रवाशांची काळजी घेईलच, असे म्हणत तो शंका दडपतो आणि अगदी प्रामाणिकपणे निर्धास्त होतो. जहाज बुडते, तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता याने काही फरक पडत नाही. तसा विश्वास बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता. आणि पुढे म्हणतो, जहाज बुडाले नसते तरी तो तितकाच दोषी ठरला असता.

दुसरे उदाहरण थॉमस नेगेलचे. १९७६ साली बर्नर्ड विल्यम्स आणि नेगेल या दोघांनी 'नैतिक नशीब' या विषयावर एकाच परिसंवादात निबंध मांडले. त्यात एक ड्रायव्हर येतो. त्याने ब्रेक वेळेवर तपासून घेतलेले नाहीत. एखादे मूल अचानक रस्त्यात आले आणि ब्रेक लागला नाही तर त्या मुलाच्या मृत्यूचे ओझे तो जन्मभर वाहील. मूल रस्त्यात आलेच नाही तर त्याच हलगर्जीपणाबद्दल तो स्वतःला फारसा दोष देणार नाही. हलगर्जीपणा तोच आणि तेवढाच, मूल येणे-न येणे त्याच्या हातात नाही. मग निवाड्यात एवढी तफावत का?

हे उदाहरण सत्तावीस वर्षे सांगणाऱ्या माणसाने आपले ब्रेक तपासले नाहीत. यातला विनोद मला कळतो. पण त्याहून जास्त टोचते ते हे की उदाहरण देताना तो ड्रायव्हर मला नेहमी दुसरा कुणीतरी वाटे. मी फळ्यासमोर उभा असे आणि तो रस्त्यावर.

आपल्याकडेही हा प्रश्न जुना आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघातांवर काही श्लोक आहेत. ज्या ग्रंथाने माणसांची अशी उतरंड रचली, त्याचे दहन १९२७ च्या डिसेंबरात महाडला झाले आणि ते होणे रास्तच होते. पण बैलगाडीखाली कुणी सापडले तर दंड कुणाला, हा प्रश्न त्या काळी लोक कसा सोडवत, हे पाहायला ते श्लोक वाचावेत. वेसण तुटली, जू मोडले, आस मोडली, चाक मोडले, वाद्या किंवा कासरा तुटला, किंवा गाडीवान 'बाजूला व्हा' असे ओरडत होता, अशा प्रसंगी दंड नाही. गाडीवानाच्या अकुशलतेने गाडी भरकटली तर मालकाला दोनशे पण दंड. गाडीवान जाणता असेल तर दंड त्याला. आणि गाडीवान अडाणी असेल तर गाडीत बसलेल्या प्रत्येकाला शंभर पण, कारण अशा माणसाच्या गाडीत ते बसलेच का!

प्रवाशांना दंड करण्याची ही कल्पना मला फार दिवस गमतीची वाटे. आता माझ्या नातीचा चेहरा आठवतो आणि वाटत नाही. तिने माझ्या गाडीत बसण्याआधी काय तपासायचे होते?

पण खरा मुद्दा पहिल्या यादीत आहे. तुटले, मोडले, म्हणून दोष नाही. तुटणे ही घटना जणू आकाशातून पडते. आजचा कायदा इथे वेगळा विचार करतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १९० सदोष गाडी रस्त्यावर आणणाऱ्याला शिक्षा सांगते आणि दोष त्याला माहीत असला पाहिजे एवढ्यावर थांबत नाही. साधी काळजी घेतली असती तर जो कळला असता तो दोषही त्यात धरते. 'मला माहीत नव्हते' याला उत्तर म्हणून कायदा विचारतो, 'माहीत करून घेण्यात काय अडचण होती?'

यावर एक आक्षेप आहे आणि तो मी वर्गात मुलांकडून अनेकदा ऐकला आहे. सगळेच तपासत बसलो तर माणूस घराबाहेर पडणार कधी? बसमध्ये चढण्याआधी बसचे ब्रेक, जिन्यावर पाऊल ठेवण्याआधी जिन्याचे लोखंड, औषध घेण्याआधी औषधाचा कारखाना, असे करून जगता येत नाही. न पाहता विश्वास टाकणे हा जगण्याचा पाया आहे. मला हा आक्षेप मान्य आहे. म्हणूनच कायदा 'साधी' काळजी म्हणतो. सगळीकडे जाऊन शोधायचे बंधन माझ्यावर नव्हते. पण जे लक्षण आपल्या पायांनी चालत माझ्यापाशी आले, दर महिन्याला आले, आणि ज्याची सोय म्हणून मी दुकानात जाऊन बाटली आणली, त्याला नाव विचारायचे बंधन होते. शोध न घेणे आणि दिसलेल्यावर झाकण लावणे यांत अंतर आहे. मी अक्षरशः झाकण लावत होतो.

घरी आल्यावर काय झाले तेही सांगायला हवे. बाजारातून निघताना नातीला मी त्या गाडीत बसवले नाही. ओळखीचे एक शिक्षक पती-पत्नी बसने परतत होते, त्यांच्याबरोबर पाठवले. म्हणजे दुमडलेल्या नळीवर माझा किती भरवसा होता ते उघड आहे. पण रस्त्यावरच्या बाकीच्या माणसांना मी काही विचारले नव्हते. पुढच्या आठवड्यात मी ती जीप दोनदा भाजीबाजारात नेली. पेडल घट्ट लागत होते. नळीचे तोंड बंद असल्याने ते घट्टच लागणार. चौथ्या चाकाला ब्रेक नाही हे पायाला कळत नाही. त्या ट्रॅक्टरवाल्या तरुणाने मला बजावले होते, "फक्त घरापर्यंत." त्याच्या जुगाडात काही खोट नव्हती, कारण त्याने त्याची मर्यादा सांगून तो माझ्या हवाली केला. ती मर्यादा ओलांडली मी.

नवव्या दिवशी जीप उस्तादांकडे नेली. सत्तरीचे गृहस्थ, आयुष्य जुन्या जीपांखाली गेलेले. त्यांनी तेलाची टाकी पाहिली, दुमडलेली नळी पाहिली आणि विचारले, कधीपासून कमी होत होते? मी लायनर झिजण्याची गोष्ट सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "सर, तेल उड़ता नहीं है. कम हुआ, तो कहीं गया है."

सत्तावीस वर्षांच्या अध्यापनात क्लिफर्ड मला इतक्या थोडक्यात सांगता आला नव्हता.

नळी फुटली होती ती अॅक्सलला धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या क्लिपखाली. तिथे चिखल अडकतो, ओल धरतो आणि नळीला बाहेरून गंज खात जातो. वरून ती धड दिसते. उस्तादांनी क्लिप काढली तेव्हा खालचा भाग नखाने खरवडला तरी पापुद्रे निघत होते. उजव्या बाजूची नळी शाबूत होती. ती राहू द्यावी का, असे मी विचारले. ते म्हणाले, दोघी एकाच वयाच्या आहेत. मग दोन्ही नळ्या आणि चासीपासून अॅक्सलपर्यंत येणारा रबरी पाइपही बदलायचे ठरले.

जुने नट नळीवर गंजून एकजीव झाले होते. साध्या पान्याने त्यांचे कोपरे गोल होतात. उस्तादांनी सगळ्या बाजूंनी पकडणारा, एकाच जागी फट असलेला पाना काढला आणि आदल्या रात्रीच नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवले. बाजारात तांब्याची नळी स्वस्त मिळते, हाताने वळते आणि कुणीही बसवून देतो. पण तांबे हादऱ्यांनी कडक होत जाते आणि एक दिवस तडकते. त्यांनी तीन-षोडशांश इंचाची पोलादी नळी आणली. जुनी नळी नमुन्याला शेजारी ठेवली, तीच वळणे एका कप्पीच्या कडेवर दिली. मग नट आधी नळीत ओवला, कारण टोक फुलवल्यावर तो आत जात नाही, आणि टोक एकदा फुलवून पुन्हा आत दुमडले. हे दुहेरी फुलवणे वेळखाऊ असते. एकेरी फुलवलेले टोकही बसते, गळतही नाही, आणि जोड आवळला की आतले टोक कुणाला दिसत नाही. त्यांचे पहिले टोक किंचित तिरके आले. मला तरी ते ठीक दिसत होते. त्यांनी ते कापून टाकले आणि पुन्हा सुरुवात केली.

शेवटी नळ्यांतली हवा काढायची. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. नळीत बुडबुडा राहिला तर पायाचा जोर चाकापर्यंत न पोचता त्या बुडबुड्यातच जिरतो. सर्वांत लांबच्या, मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. मी सीटवर, उस्ताद खाली, एकमेकांना न दिसणारे. "मारो." मी तीन-चारदा पेडल मारले. "पकड़ के रखो." मी दाबून धरले. त्यांनी चाकामागचे निप्पल सैल केले, पेडल हळूहळू खाली गेले. "मैं 'बंद' बोलूँ, तब छोड़ना." त्याआधी पाय उचलला तर हवा पुन्हा आत ओढली जाते आणि सगळी मेहनत वाया. चार चाकांना मिळून हे तीस-चाळीस वेळा झाले असेल. एकदा माझा पाय थकून जरा लवकर उचलला गेला. त्यांना खालून काही दिसले नसावे. मी सांगितले. ते म्हणाले, "ठीक है, फिर से." चार महिन्यांत या गाडीबाबत मी खरे बोललो ती ती पहिली वेळ.

आता पुन्हा नेगेलच्या ड्रायव्हरकडे. वर्गात मी सांगत असे की मूल आले काय अन् न आले काय, दोष सारखाच. आज आतून पाहताना दोष सारखाच वाटतो, पण दोघांची अवस्था सारखी नाही. मला रात्री झोप लागते. ज्याच्या गाडीखाली मूल आले त्याला ती लागत नसेल. त्याला विसरण्याची मुभा नाही. मला आहे, आणि ती मी कमावलेली नाही. मुरमाचा ढीग तिथे होता म्हणून ती मिळाली. नशिबाने सुटलेल्या माणसाला नशीब दोन गोष्टी देते: सुटका आणि विस्मरणाची सोय. पहिली घ्यावीच लागते. दुसरी नाकारता येते. कुणी फिर्याद करणार नाही, कुणी जाब विचारणार नाही, अशा वेळी तो दोष आपणच लक्षात ठेवायचा, हे सुटलेल्या माणसाचे काम आहे असे मला वाटते. क्षमा मागायला समोर कुणी नसते. कांदेवालीला शोधून काय सांगणार? अशा ठिकाणी दुरुस्ती नीट करणे हेच त्यातल्या त्यात प्रायश्चित्ताच्या जवळचे. पण तेवढ्याने पुरे होत नाही, कारण माझ्या नावावर एक खोटे कौतुक जमा होते.

डिसेंबरात मी मुलीला फोन केला. बाटली गाडीत का होती ते सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने एवढेच विचारले, "बाबा, तेल कमी होतंय हे तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

तिने ते कलम वाचलेले नाही. मी म्हणालो, "जुलैपासून."

"आणि तुम्ही तिला घेऊन गेलात."

"हो."

तिने 'जाऊ दे' म्हटले नाही. म्हणायला हवे होते असे मला वाटत नाही. नातीला तिने काय सांगितले मला ठाऊक नाही; पण पुढच्या सुट्टीत नात आली तेव्हा जीपकडे पाहून तिने विचारले, "आजोबा, आता खालून सगळं बघता का?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "मग मलाही दाखवा."

आम्ही दोघे अंगणात पोत्यावर आडवे झालो. टॉर्च तिच्या हातात होता. मी तिला नव्या नळ्या, त्यांची वळणे, क्लिपखाली घातलेले रबर दाखवले. तिने प्रत्येक जोडाला बोट लावले आणि बोट टॉर्चसमोर धरून पाहिले. कोरडे होते. मग ती म्हणाली की आईने अजून जीपमध्ये बसायला परवानगी दिलेली नाही, आणि आम्ही भेडाघाटला बसने गेलो.